बिनदाराचं लिंटेल

आमच्या लग्नाचा फोटो निघोजे गावातल्या भाड्याच्या खोलीत कधीच भिंतीवर चढला नाही, आणि त्याला कारण ज्ञानोबाअण्णा.

खोली घेतली त्या दिवशी आमचं सामान म्हणजे दोन पेट्या, गॅस, चार भांडी आणि तो फ्रेम केलेला फोटो. नवरा सेकंड शिफ्टला गेला होता. मी स्टुलावर चढून खिळा ठोकायला घेतला. पहिला वाकला. दुसरा वाकला. तिसरा उडून थेट भाताच्या पातेल्यात पडला. मी चिडून चौथा लावला, हातोडी उगारली, तोच दारातून आवाज आला, "ताई, तितं न्हाई जायचा खिळा. तितं लिंटल हाय."

वळून पाहिलं तर घरमालक, ज्ञानोबाअण्णा. पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि त्या दोहोंवर सिमेंटचे डाग.

दाराच्या किंवा खिडकीच्या वर भिंतीचा भार पेलायला काँक्रीटची आडवी पट्टी टाकतात, तिला लिंटेल म्हणतात, एवढं मला माहीत होतं. पण माझ्यासमोर दार नव्हतं, खिडकी नव्हती, साधा कोनाडाही नव्हता. कोरी भिंत होती.

"अहो, पण दार कुठाय?"

"आज न्हाई."

"मग लिंटेल कशाला टाकलंय?"

"उद्या काढावंसं वाटलं तर?"

भिंतीपलीकडच्या खोलीत फोर्कलिफ्ट चालवणारी चार पोरं राहायची. त्यांच्या चपलांचा ढीग ओलांडून मी आत आले होते. त्यांच्याकडे दार काढावंसं मला कधी वाटेल, अशी काही चिन्हं नव्हती, आणि तसं मी अण्णांना स्पष्ट सांगितलं. ते जराही रागावले नाहीत. "वरचं धरलेलं असलं म्हंजी झालं," म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे गेले. फोटो पेटीवर टेकून ठेवला, तो कायमचाच.

अण्णा निघोज्याचे जुने शेतकरी. बरीचशी जमीन कंपन्यांसाठी गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या आणि आमच्यासारख्यांना भाड्याने दिल्या. आम्ही धाराशिवकडचे. नवरा पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमध्ये, मी वायरिंगच्या कंपनीत पॅकिंगला. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर कंटेनर जायचे. त्यांची धूळ आमच्या कपड्यांवर बसायची, पापडांवर बसायची आणि काही वर्षांनी स्वभावावरही बसली. अण्णांची बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन जुन्नरला गेली होती. त्यामुळे त्यांचा सगळा जीव बांधकामात. सारखं काहीतरी बांधायचे, आणि जे बांधतील त्याच्या पोटात लिंटेल.

भीमा गवंडी त्यांचा कायमचा माणूस. त्यांचे संवाद ऐकायला मी धुणं घेऊन मुद्दाम नळावर बसायची.

"आण्णा, संडासाच्या मागल्या भितीत लिंटल? मागं नाला हाय!"

"असू दे."

"नाल्यात उतरायला दार काढनार का काय?"

"तू माल कालव, भीमा."

भीमा माल कालवायचा आणि लिंटेल टाकायचा. कंपाउंडच्या भिंतीत टाकलं, गोठ्याच्या भिंतीत टाकलं. गोठ्यात तेव्हा म्हैससुद्धा उरलेली नव्हती. गावात अर्थातच तर्क चालायचे. कुणी म्हणायचं, म्हातारा भिंतीत गुप्तधन पुरतोय. कुणी म्हणायचं, लहानपणी अंगावर भिंत पडली होती. बरेच जण नुसतंच 'लिंटलअण्णा' म्हणून हसायचे. मीही हसायचे, उगाच खोटं कशाला बोलू?

एकदा माझ्या मावसभावानं वाकडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही निघालो तर अण्णा म्हणाले, मलाबी बघायचाय टावर. नेलं. लिफ्टमध्ये ते डोळे मिटून उभे राहिले. फ्लॅटमध्ये शिरल्यावर पाहुण्यांनी फरशी पाहिली, गॅलरी पाहिली, मॉड्युलर किचन पाहिलं. अण्णा मात्र हॉलच्या भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक करत फिरू लागले. मावसभाऊ कौतुकाने म्हणाला, "काका, विटा नाहीतच. सगळी भिंतच काँक्रीटची, अख्खी ओतलेली."

"समदीच?"

"समदीच."

"मंग पल्याडच्या घरात दार काढायचं झालं तर?"

"पल्याड दुसऱ्यांचा फ्लॅट आहे काका."

"तेच म्हंतोय मी. कोन ऱ्हातं तितं?"

मावसभावाला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. अण्णा बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसले. प्रसादाचा शिरा त्यांच्या हातात तसाच गार झाला. परत येताना रिक्षात एकच वाक्य बोलले, "कदीच काढता यायचं न्हाई, ताई. इतकं पक्कं कशापाई बांदायचं?"

माझं आणि नवऱ्याचं वाजलं की अण्णांना वास लागायचा. एकदा आमचा चांगला आठवडाभर अबोला चालला होता. कारण आता आठवतसुद्धा नाही, त्याच्या आईच्या फोनवरून काहीतरी असणार. तो डबा न घेता जायचा, मी त्याचा शर्ट सोडून बाकीचे धुवायचे. अण्णा आमच्या पायरीवर येऊन बसले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "भांडा. भांडायला माझी ना न्हाई. नवरा-बायकूनी भांडायचं न्हाई तर कुनी? पर लिंटल टाकून भांडा."

नवरा आतून फसकन हसला. मीही हसले. त्या संध्याकाळी त्याचा शर्ट धुतला.

पण मला ते वाक्य टोचलं. दुसऱ्यांच्या संसाराला लिंटेल टाकत हिंडणाऱ्या या माणसाचं स्वतःचं काय, हे आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो. ते म्हणजे सोपानतात्यांचं प्रकरण.

सोपानतात्या म्हणजे अण्णांचा धाकटा, एकुलता एक भाऊ. बापाच्या एकाच घरात मधोमध भिंत घालून दोघं राहायचे. डावीकडे अण्णा एकटे, उजवीकडे तात्या आणि त्यांची बायको इंदूकाकू. तात्यांचा मुलगा वाकडला असायचा, आयटीत. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. भांडण कशावरून, तर बोअरच्या मोटरीवरून, असं गाव सांगायचं. एकानं चालू केली, दुसऱ्यानं बंद केली, एकाच्या डोक्यावर साबण तसाच राहिला. मोटर पुढे जळून गेली, बोअर आटला, टँकर सुरू झाले. अबोला मात्र शाबूत होता.

संध्याकाळी दोघंही आपापल्या ओट्यावर बसायचे. मधली भिंत ओट्यावरसुद्धा पुढपर्यंत आलेली होती, त्यामुळे एकमेकांना दिसायचे नाहीत. पण अण्णा खोकले की थोड्या वेळाने पलीकडून तात्या खोकायचे. तात्यांचा खोकला आला नाही, की अण्णा पुन्हा खोकायचे, जरा मोठ्याने. महत्त्वाचं काही सांगायचं असलं तर खंड्या होता. हा कुत्रा दोघांचाही नव्हता आणि दोन्हीकडे जेवायचा. तो रस्त्यात मधोमध बसलेला असायचा आणि अण्णा त्याला मोठ्याने म्हणायचे, "खंड्या, उद्या टँकर येनार न्हाई म्हंत्यात. टाकी भरून घेतल्याली बरी."

खंड्या कान हलवायचा. पलीकडे बादल्यांचा आवाज सुरू व्हायचा. मग तात्या म्हणायचे, "खंड्या, काही लोकान्ला शुगर हाय. जिलबी खाऊ न्हाई त्यांनी." आणि अण्णा हातातली जिलबी कागदात परत गुंडाळायचे.

हे बघून आम्ही भाडेकरू पोट धरून हसायचो. खरं तर त्यात हसण्यासारखं काय होतं? दोन म्हातारे, मध्ये एक भिंत, आणि बोलायला एक कुत्रा.

त्या शर्ट धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अण्णांना गाठलं. म्हटलं, "आम्हाला शिकवता, तुम्ही का नाही टाकलं लिंटेल?"

ते उठले, मला त्यांच्या मधल्या खोलीत घेऊन गेले. तात्यांच्या बाजूची ती भिंत. रंग उडालेला, आणि एका जागी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, हाताचा तेलकट काळा डाग. रोज कुणीतरी तिथे हात टेकवत असल्याशिवाय तसा डाग पडत नाही.

"हितं हाय," अण्णा हळूच म्हणाले. "पयलं लिंटल."

भिंत घालायचं ठरलं तेव्हा अण्णांनी म्हणे भीमाकरवी सुचवलं होतं, मध्ये एक दार ठेवू. तात्यांनी निरोप धाडला, दार नको, बीळसुद्धा नको. मग अण्णांनी मळ्यात कडब्याच्या गंजीमागे गुपचूप एक लिंटेल ओतून घेतलं. भिंत दाराच्या उंचीला आली त्या दिवशी तात्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला होते आणि इंदूकाकू माहेरी. चार माणसं लावून ते उचललं, भिंतीत बसवलं, वर विटांचे थर चढवले आणि तेवढ्या पट्ट्याला दोन्हीकडून लगोलग गिलावा मारून टाकला. खालच्या विटा मात्र सिमेंटात नाहीत. नुसत्या मातीत बसवलेल्या.

"तात्यांना कळलं नाही?"

"आल्यावर बघितलं आसंल त्यानं, मधीच गिलावा का म्हनून. पर इचारनार कुनाला? बोलनं बंद." अण्णांना या गोष्टीची अजून गंमत वाटत होती. मग ती गंमत चेहऱ्यावरून उतरली. "एका दिसाचं काम हाय, ताई. विटा काढल्या की दार. वरचं जागचं हलायचं न्हाई."

"मग काढा ना!"

"त्यानं हाक मारू दे. मोठ्यानं आदी हाक मारायची व्हय?"

"आणि तो नाहीच बोलला तर?"

"बोलंल की. कुटं जातोय?"

बाकीची सगळी लिंटेलं कशासाठी, तेही मला तेव्हा कळलं. एकाच भिंतीत लिंटेल निघालं असतं तर लोकांनी त्याचा अर्थ लावला असता. सगळ्याच भिंतींत टाकलं, की माणूस वेडा ठरतो आणि सुटतो. मला त्या माणसाचा राग आला आणि रडूही आलं. एका हाकेपायी एवढं सिमेंट!

तात्या गेले ते थंडीत. छातीत दुखतंय म्हणून मुलगा गाडीतून घेऊन गेला, आणि दोन दिवसांनी ॲम्ब्युलन्स परत आली. त्या दोन्ही संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून खोकत होते. पलीकडून काहीच येत नव्हतं. खंड्या एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा रस्त्याकडे.

मातीला अण्णा गेले, पण सगळ्यांच्या मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी इंदूकाकूंना भेटायला गेले. तात्यांच्या मधल्या खोलीत बायका बसल्या होत्या. खोली सामानानं गच्च. एका भिंतीला कपाट, त्याला चिकटून पलंग, पलंगाखाली पेट्या, कपाटावर गाद्या, त्यावर शिलाईचं मशीन. बायकांना मांडी घालायला जागा नव्हती. आणि अण्णांच्या बाजूची भिंत मात्र मोकळी. म्हणजे अख्खी नाही. देव्हारा तिच्या एका टोकाला, धान्याची कोठी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दाराएवढी जागा कोरी. फरशीवर काही नाही, भिंतीवर काही नाही. फक्त वर, हात उंचावला तर पोचेल अशा ठिकाणी, गिलाव्याचे टवके उडालेले. तीन-चार खिळे तिथे वाकून गेले होते. ते टवके मी ओळखले. माझ्या खोलीतही अगदी तसेच होते.

"काकू," मी हळूच विचारलं, "ही जागा मोकळी का ठेवलीय?"

काकूंनी डोळे पुसले. "आवं, ही भित घातली तवाच यांनी गनपतीचा फोटू लावायला खिळा मारला. गेला न्हाई. दुसरा मारला, त्योबी न्हाई. मंग हे हातोडी घिऊन तितंच उभं ऱ्हायलं लई येळ. आन मला म्हनलं, हितं कायबी ठिवायचं न्हाई. मी किती येळा म्हनलं, कपाट सरकवू, पाय ठिवायला जागा न्हाई. न्हाईच म्हनायचं. म्हनायचं, आसू दे मोकळं, लागंल कवातरी."

आजूबाजूच्या बायकांना त्यात काहीच वाटलं नाही. एकीनं चहाचे कप गोळा केले. मी उठून बाहेर आले, कारण तिथे बसवेना.

अण्णांना सांगावं की नाही, याचा मी फार विचार केला नाही. सांगितलंच पाहिजे, असं वाटलं. ते ओट्यावर होते. मी सांगत गेले, कपाट, देव्हारा, कोठी, खिळ्यांचे टवके. ते ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "बराबर समोर?"

"बरोबर समोर. दाराएवढंच."

"मंजी त्याला ठावं व्हतं."

"पहिल्या दिवसापासून."

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मंग सांगायचं की रं," ते म्हणाले. मला नाही, खंड्यालाही नाही. समोरच्या रस्त्यावरून कंटेनर जात होते, तिकडे बघून.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर बरीच माणसं जमली. इकडच्या रिवाजाप्रमाणे पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. जन्मभर लेथवर उभं राहून चार वाक्यं न बोललेल्या तात्यांना एकानं 'बुलंद आवाज' केलं, दुसऱ्यानं 'गावाचं मार्गदर्शक नेतृत्व'. मग पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, पण एकही खाली येईना. मुलगा हात जोडून म्हणाला, "तात्या, आईला वाकडला नेतो, काळजी करू नका." कावळे बसून. त्यानं सुधारून सांगितलं, "नाही नेत. इथंच ठेवतो." तरी बसून. नातलगांनी एकेक करून सगळी आश्वासनं संपवली. ऊन चढलं, पुढाऱ्यांनी घड्याळं बघितली.

तेव्हा गर्दीतून अण्णा पुढे आले. पिंडापाशी उकिडवे बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सोप्या, उद्या भित फोडतो. दार काढतो."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागे कुणीतरी 'लिंटलअण्णा' म्हणून दबक्या आवाजात हसलं. मी बाभळीकडे बघत होते. वाटलं, आता येणार.

एकही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. अण्णा पायऱ्या चढून एकटेच वर गेले.

दुसऱ्या दिवशी भीमा घण घेऊन आला. अण्णांनी घण त्याच्या हातात राहू दिला नाही. भीमा म्हणाला, "आण्णा, या वयात?" त्यांनी ऐकलंच नाही. काकूंना निरोप दिला होता, त्या पलीकडे देव्हारा झाकून बसल्या होत्या. मी सुट्टी टाकली होती. अण्णांनी त्या तेलकट डागावर पहिला घाव घातला. गिलावा पडला. विटा मातीतल्या, त्या तर नुसत्या ओढल्या तरी सुटत होत्या. अण्णा एकेक वीट काढून बाजूला नीट रचत गेले. धुळीनं खोली भरली. हळूहळू पलीकडचा उजेड दिसला, मग तात्यांच्या पलंगाचा पाय दिसला, मग त्यावर घडी घालून ठेवलेली त्यांची कंपनीची जुनी निळी पँट.

भीमानं वर हात फिरवला. "केसभरबी भेग न्हाई, आण्णा," तो म्हणाला. अण्णांनी वर बघितलंसुद्धा नाही. सगळ्या जगाची लिंटेलं ठोकून बघणारा माणूस, आपलं पहिलं लिंटेल बघायला विसरला.

सगळ्यात आधी खंड्या पलीकडे गेला. शेपूट हलवत, विटांच्या तुकड्यांवरून, जणू तो रस्ता रोजचाच होता. त्याला कुणी हाकललं नाही.

अण्णा मात्र तिथेच थांबले. अंगावरची धूळ झटकली. पायातल्या चपला काढून आपल्या बाजूला ठेवल्या. दोन्ही हातांनी टोपी सारखी केली. आणि त्या उघड्या दारात उभं राहून त्यांनी हाक मारली, "सोप्या, हाय का रं घरात?"

पलीकडे काही हललं नाही. सवयीनं मी खोकल्याची वाट बघत होते. मला वाटतं, आम्ही सगळेच बघत होतो.

मग इंदूकाकूंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. थोरल्या दिराशी त्या कित्येक वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. "या दादा," त्या म्हणाल्या. "बसा."

अण्णा वाकून आत गेले. दार चांगलं उंच होतं, वाकायची गरज नव्हती.